समस्या विधान

माहितीपुस्तिका नंदुरबारहून आली
मिरचीच्या टेम्पोतून, ड्रायव्हर ओळखीचा होता.
उघडली तर आधी ठसका लागला,
मग अभ्यासक्रम दिसले.

एम.एड., म्हणजे बिनपगारी रजा.
शिक्षणशास्त्रात एम.ए., घरबसल्या, दोन वर्षं.
शालेय व्यवस्थापन पदविकेपुढे
गिरासे सरांनी पेन्सिलीने आधीच खूण केलेली:
"ही घ्या बाई, मुख्याध्यापक व्हायला एवढी पुरते."
आणि अगदी शेवटी, फीच्या कोष्टकाखाली,
जागा उरली म्हणून छापल्यासारखं
बहुभाषिक वर्गाचे अध्यापन.
बोट तिथे थांबलं.
लाल भुकटीचा ठसा उमटला.

आई फोनवर म्हणाली,
"आते शिकीसन काय करशी व? केस पिकनात तुना."
मी म्हटलं, "पिकनात म्हनीसनच."
दोघी हसलो.
याच बोलीसाठी चौथीत मी छडी खाल्ली होती.
मारणारे गुरुजीही घरी हीच बोलत असणार.

ना हरकत प्रमाणपत्राला तीन महिने लागले.
हरकत कुणाची होती ते कळलं नाही,
पण ती होती, धडगावच्या कचेरीत,
निळ्या फायलीत, नाडीने बांधलेली.

रविवारी संपर्क सत्र.
अंधारात जीप, घाटाची वळणं,
मांडीवर कुणाची तरी कोंबडी, पायाशी माझे स्वाध्याय.
अठरा वर्षं फळ्याकडे पाठ करून उभी होते,
आता तोंड करून बसले, मागच्या बाकावर,
तर दिसलं
की खिडकीच्या उजेडात फळा नुसता चमकतो,
अक्षरं दिसतच नाहीत.

सोमवारी माझ्या मागच्या रांगेला विचारलं.
"नाही दिसत."
कधीपासून?
ती एकमेकांकडे बघत राहिली,
जसं मी विचारलं होतं, सातपुडा कधीपासून.
त्याच दुपारी फळा हलवला.
खिळे रेशलीच्या बापाने ठोकले.

भदाणे मॅडम म्हणाल्या, समस्या विधान एका वाक्यात लिहा.
मी लिहिलं:
पावरी भाषक विद्यार्थ्यांच्या
प्रमाण मराठी वाचनातील अडचणींचा चिकित्सक अभ्यास.
"अडचण कुणाची?" त्यांनी विचारलं,
चष्म्यावरून, चहा ढवळत.
शहाद्यापर्यंत तो प्रश्न
माझ्याच तिकिटावर माझ्याशेजारी बसून आला.

रेशली, इयत्ता दुसरी.
वर्गात शब्द नाही. हजेरीला नुसता हात.
नोंदवहीत मी लिहिलं होतं: अबोल.
आणि मधल्या सुट्टीत ही पोर
बहिणीशी बोलते, शेळीशी बोलते,
हातपंपाला पाणी येईना तर त्यालाही रागावते,
सलग, झऱ्यासारखी,
आणि मला त्यातला कळतो एकच शब्द:
बाई.

मग मी शंभर पानी वही घेतली.
रेशली वस्तू दाखवते, शब्द सांगते,
मी देवनागरीत पकडू बघते.
एक स्वर आहे, तो माझ्या बाराखडीत बसत नाही.
मी काना देते, ती मान हलवते.
मी मात्रा देते, ती तोंडावर हात ठेवते
आणि हसू बोटांतून सांडतं.
आता वर्गातही बोलते ती.
बोलते म्हणजे, माझ्या चुका काढते.

समस्या विधान अजून पक्कं नाही.
'विद्यार्थ्यांच्या' खोडून 'शिक्षिकेच्या' लिहिलंय,
तेही मॅडमना पसंत पडेल का, माहीत नाही.
वही मात्र जोडली परिशिष्ट म्हणून,
पुसायची राहिलेली लाल अक्षरं तशीच ठेवून.
विद्यापीठाचा निकाल जूनमध्ये.
रेशलीचा लागलाय.
पान बाराच्या कोपऱ्यात, माझ्याच पेनाने,
माझ्याच अक्षराच्या वळणात:
दहापैकी चार.
पुन्हा लिही.