हजेरी

भिवराशी मी अडतीस वर्षं बोलले नाही.
बोअरिंगवर तिची घागर भरेपर्यंत
मी करंजाखाली उभी राहायची,
आणि माझ्या दारावरून जायची वेळ आली
की ती बोडीच्या पाळीनं वळसा घालायची.

तिच्या शेळीनं माझी वाळत घातलेली मोहफुलं खाल्ली.
मी शेळी बांधून ठेवली.
ती आली, आणि अंगणात उभी राहून
एक शब्द बोलली.
तो मी इथं लिहीत नाही.
मूल नसलेल्या बाईला तो कुठल्याही गावात ऐकू येतो,
पण तिनं तो सात बायांसमोर उच्चारला.
मी मोजल्या होत्या. सात.
त्यांतल्या पाच आता नाहीत.

तिची सून योगिता सांगत होती,
म्हातारी सगळंच विसरत चालली.
नवरा गेला हेसुद्धा.
रोज सांजेला दोन ताटं वाढायला लावते,
आणि एक तसंच राहिलं की बाहेर बघत बसते.

मी गेले.
खोटं कशाला बोलू, बघायलाच गेले.
माझं उत्तर तयार होतं,
अंगणवाडीच्या पातेल्यात खिचडीबरोबर
वर्षानुवर्षं ढवळून मऊ केलेलं,
चार वाक्यांचं. शेवटचं वाक्य जरा जास्तच चांगलं होतं.

ती तणसाच्या ढिगाला टेकून उन्हात बसलेली.
मला पाहिलं आणि चेहरा असा उघडला
जशी मी तिच्या माहेरची वाट चालून आले.
“आलीस वं बाई! कोठं होतीस इतके दिस?
उद्या रोवण्याले येशील ना?
मी तुह्याच बाजूची पात धरतो.”

पात. हो, धरायचो आम्ही.
एकाच वर्षी लग्न होऊन आलो होतो,
गुडघाभर चिखलात तिच्या हातातलं धानाचं रोप
माझ्या रोपाच्या आधी कधी लागलं नाही,
मुद्दाम थांबायची.
हे मला आठवत नव्हतं.
तिनं आठवून दिलं,
माझं नाव माहीत नसलेल्या बाईनं.

मग माझा हात मांडीवर घेऊन,
बोटं एकेक उघडत, अगदी मायेनं,
“किती लेकरं वं तुले?”

योगिता दारात थिजली.
चार वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती.
मी म्हटलं, दोन.

“नावं?”

एकतीस वर्षं हजेरी घेतलीय मी.
नावांचा मला तोटा नाही.
टेकचंद म्हटलं. यशोधरा म्हटलं.
“साजरी नावं हायत,” ती म्हणाली, आणि हसली,
दात नसलेलं, पूर्ण.

तेव्हापासून जाते.
मंगळवारी चार झाली,
केवलराम आणि शालू वाढले.
गेल्या आठवड्यात सात.
एकदा तोंडून हेमराज निघून गेलं,
तिच्याच पोराचं नाव,
ज्याला तिनं त्या शब्दानंतर
माझ्या अंगणवाडीत कधी पाठवलं नाही.
“हेमराज,” ती बराच वेळ घोळवत राहिली.
“माह्या कोणाचं तरी होतं वाट्टे.”

योगिता म्हणते, तुम्ही गेल्यावर
कोण आलं होतं ते त्यांना सांगता येत नाही.
पण अंधार पडेपर्यंत खुशीत असतात.
जेवतात.

मला सगळं आठवतं.
शेळीचा रंग, एक कान चिरलेला,
वार गुरुवार, कोणत्या बाईनं मान खाली घातली.
रात्री ते सगळं समोर मांडते
आणि राग काही येत नाही.
त्याचीच चीड येते.
अडतीस वर्षं सांभाळला,
आणि ती तर आपल्या अर्ध्याचा भार
न विचारता खाली ठेवून बसली.

काल उठायला निघाले
तर तिनं पदर धरला.
डोळ्यांत काहीतरी हललं,
बोडीत मासा वळावा तसं.
“शेळी सोडली का वं तू?”

योगिता माझ्याकडे बघत होती.

कोणती शेळी, मी म्हणाले.