ओळख पटवण्याबाबत

सोनबाजी ठमके यांची सही जुळत नाही.
पतसंस्थेच्या खिडकीतून अर्ज परत आला,
कोपऱ्यात पेन्सिलीची फुली.
कोलामपोडावरच्या भीमा आत्रामला
पंक्चरच्या दुकानासाठी हवा भरायचं मशीन घ्यायचंय,
आणि जामीनदाराचा 'ठ' थरथरतो,
'के'ची मात्रा रकान्याबाहेर उडून जाते
गाडीवरच्या कापसासारखी.

बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत
त्यांनी रुळाचा तुकडा बडवून गावाला वेळ सांगितली.
निवृत्त झाले तेव्हा हाताशी राहिली पेन्शन.
पेन्शनवाल्याची सही चालते,
हे त्यांना सांगितलं शमशादबी मन्सुरीने.
धनुकलीची तार तुटून सहा महिने झाले होते,
तिला पिंजायचं यंत्र हवं होतं.
नाही असं कुणी म्हणत नव्हतं,
सगळे म्हणत होते, उद्या ये.
सोनबाजी म्हणाले, "कुठं करू? चष्मा आनू दे."

मग जंगूबाई कुमरेचं चारोळी फोडायचं जातं,
लाखनसिंग टाकचा भाता,
आणि मी.
माझं मोबाइल दुरुस्तीचं टेबल,
चार बाय तीन, चौकातल्या कडुनिंबाखाली.
तीन हप्ते मी बुडवले.
ते त्यांनी भरले, हे मला
दोन वर्षांनी कळलं, पासबुकावरून.
विचारायला गेलो तर म्हणाले,
"मंग? त्या पैशाचं काय लोनचं घालू बे?"

हेही सांगायला हवं:
पहाटे चारला पोलीस भरतीची पोरंपोरी
पाटणबोरीच्या रस्त्यावर धावतात.
वळणावरच्या दगडाशी एक बॅटरी हलत असते.
ट्रकवाल्यांना वाटतं चेकपोस्ट,
वेग कमी करतात.
इमला राठोड आठशे मीटरला पाच सेकंदांनी राहिली
त्या दिवशी ते तिच्याशी काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी बॅटरी पावणेचारलाच लागली.

मॅनेजर नवा आहे, माणूस वाईट नाही.
म्हणाला, "दोन साक्षीदार आणा,
हेच ते ठमके, असं सांगणारे."
सोनबाजी ओशाळले. टोपी काढली, परत घातली.
"बाजाराचा दिस हाय. कोनाचा धंदा कायले मोडता?"

मी फोन फक्त शमशादबीला केला.

ती आली, भुवयांवर कापसाचा भुरका तसाच.
मागून जंगूबाई, तराजू काखेत,
दुकान कुणावर सोडणार म्हणून.
लाखनसिंगच्या हातात अर्धी धार लावलेला विळा,
तो शिपायाने बाहेर ठेवायला लावला.
इमला आली, पायात धावायचे बूट,
यंदाही फॉर्म भरलेली.
आणखी कोण कोण, मी मोजले नाहीत.
पायऱ्यांवर चपलांना जागा उरली नाही.

रकाने दोनच होते.
शमशादबीने उर्दूत सही केली,
जंगूबाईने अंगठा उठवला
आणि शाई भिंतीला पुसली.
बाकीचे मॅनेजरला विचारू लागले,
"मागच्या बाजूनं केली तं चालते का?"
तो काही बोलला नाही.
पेन मात्र त्याने पुढे सरकवलं.

कागदाची पाठ भरत गेली.
सोनबाजींनी तिकडे पाहिलंही नाही.
ते भीमाला बाकावर बसवून समजावत होते,
"हप्ता धा तारखेच्या आत भरत जाजो.
नाही जमलं तं मले सांगजो.
पन आधी सांगजो, मंग नाही."