दम

शारजाच्या कोर्टात मी दुभाष्या,
तासावर पैसे. गाव हर्णै.
अरबीत दम म्हणजे रक्त,
हे तिसऱ्याच दिवशी कारकुनानं शिकवलं,
तरी कान अजून आधी मराठीत ऐकतो.

रुकय्या गेली तेव्हा कुकर गॅसवर होता.
शेजारीण साक्षीत म्हणाली, दोन शिट्ट्या ऐकल्या,
तिसरीची वाट पाहिली.
शिट्टीपाशी मी अडखळलो.
काझींना वाटलं, कुणी कुणाला बोलावत होतं.

यासीनचं मरण नऊ वर्षं थांबलं,
कारण तिच्या रक्ताचा वारस एकच,
धाकटा भाऊ मुईज. तेव्हा तिसरीत.

आज अठराचा. नव्या शर्टाला अजून टाचणीचं भोक.
समोर काचेआड यासीन.
खाडीत पोहायला यानंच शिकवलं होतं त्याला,
पोटाखाली तळहात धरून.

काझींनी विचारलं,
जीव, पैसा, की माफी?
तिन्ही शब्द मी त्याच्यापुढे ठेवले,
लिलावाला मासळी मांडावी तसे,
भाव न सांगता.

मुईज टेबलाची कड नखानं खरवडत राहिला.
कारकुनानं दोनदा घड्याळ पाहिलं.
मग तो म्हणाला,
चाचा, जरा दम धरा.

आता हे अरबीत कसं न्यायचं?
काझींची भुवई वर.
मी म्हणालो, मुदत मागतोय.

कागदावर तेवढंच आलं.
मूळ वाक्य कळलं ते
काचेआडच्या माणसाला.
त्यानं बेड्यांसकट हात वर घेतले,
ओंजळ केली,
आणि तशीच धरून बसला,
वरून काही सांडणार असल्यासारखी.