चावी

वैशाख लागला की आमची विहीर मचूळ होते.
खाडी तळातून आत शिरते,
पाहुण्यासारखी नाही, घरच्यासारखी.
टँकर तिसऱ्या दिवशी, माणशी चार हंडे.
न्हाणीतलं पाणी मात्र रोज
माडाखाली जाऊन डास पोसत बसायचं.

बंदरावरून तीन निळी पिंपं आणली.
मासळीचा वास जायला
चिंचेचा कोळ आणि आठ दिवसांचं ऊन.
पहिल्यात सोडणं, पिंजून, गच्च.
दुसऱ्यात जांभ्याचे खडे, त्यावर खडी, वर वाळू.
तिसऱ्यात करवंट्यांचा कोळसा.
मीच जाळला, भुवई थोडी गेली.
शेवटी कर्दळीचा वाफा, तिथून पन्हळ वांग्यांकडे.

पहिल्या वर्षी वाळू चुकली.
समोर एवढी पुळण पसरलेली,
म्हटलं, वाळूला कोण पैसे देतं!
पानं कडांनी करपली,
एकेका पानाला कुणी विडी टेकवून गेल्यासारखी.
पन्हळीखाली बोट धरून चाखलं,
जिभेवर समुद्र.

मग नदीची वाळू, नदीतच सात वेळा धुतलेली.
कपड्यांचा सोडा बंद. भांड्यांना पुन्हा राख.
तन्वी कुरकुरली, केसांना रिठा म्हणजे काय आई,
मी काय आजी आहे?

शेवंती मोंडकरीण गडग्यावरून वाकली,
"न्हाल्लेल्या पाण्याची वांगी खातंस गो?"
म्हटलं, पाणी मुळाला देते, फळाला नाही.
कच्चं खायची कोथिंबीर त्या वाफ्यात पेरतच नाही.
आणि पाणी रात्रभर ठेवत नाही पिंपात,
शिळं पाणी शिळ्या बांगड्यासारखं,
झाकलं तरी कळतं.
तिने ऐकलं. वांगी नाही नेली.

सोडणं दर पंधरवड्याला बदलते.
हातात घर येतं सगळं:
सासूबाईंचं खोबरेल, तन्वीचे लांब केस,
माझ्या हळदीचा पिवळा, भाताची पेज.
जयवंतचं काही नसतं.

तो ट्रॉलरवरून येतो बारा-बारा दिवसांनी,
अंगभर डिझेल.
तो न्हाणीत शिरला की मी मागे जाते
आणि पाइपाची चावी फिरवते.
त्याचं पाणी जुन्या वाटेने माडाखाली.
तेल एकदा वाळूत बसलं
की पिंप उपसावं लागतं, सगळं, तळापासून.
हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

एकदा टॉवेल गुंडाळून तो मागच्या दारी आला,
चावीवर माझा हात.
बघत राहिला.
"सगळ्यांचं चालतं. माझंच नको?"
मी डिझेलचं सांगितलं, वाळूचं सांगितलं.
तो हं म्हणाला. जेवताना वांगं घेतलं नाही.
पहाटे परत बोटीवर.

पुढच्या खेपेला उशिरा आला.
कोपरापर्यंत लाल, सोलल्यासारखा.
बंदरावरच्या नळाखाली
तासभर कोंड्याने अंग घासत होता म्हणे,
पोरं हसली,
तांडेलाने विचारलं, लग्न आहे काय रे?
अंगावरचे कपडे पिशवीत वेगळे बांधून आणलेले.
काही न बोलता न्हाणीत गेला.

मी मागे गेले.
पाण्याचा पहिला आवाज आला.
त्या पाण्याचा वास घेतला, दोनदा.
मग चावी होती तिथेच राहू दिली.

पंधरवड्याने सोडणं काढली.
मधल्या थरात तीन खवले,
सुरमईचे असावेत.
कोरडे होते तरी चकाकत होते.
वांगी त्या दिवशी सव्वा किलो निघाली,
एक किडकं.