कडा

डॉक्टर तळपद्यांनी कागदावर हृदय काढलं,
बटाट्यासारखं.
मध्ये पडदा, पडद्याला भोक, एकोणीस मिलिमीटर.
"मांडीच्या शिरेतून छत्री नेऊ, आत उघडू.
टाका नाही, व्रण नाही."
मग पेन जरा अडलं.
"खालच्या अंगाला कडा थोडी कमी आहे."

मी काज-बटणवाला.
परळच्या गल्लीत सत्तावीस वर्षं,
दिवसाला चारशे काजं.
कडा कमी म्हणजे काय
हे मला कुणी सांगायला नको होतं.
तरी सही केली.
टाका नाही, एवढंच कानात राहिलं.

रात्री नक्षत्रा दोन इडल्या खाऊन झोपली.
सकाळी सोनोग्राफीवाली मुलगी
तिच्या छातीवरचं जेल पुसायचं विसरली,
फोन लावत बाहेर गेली.

छत्री जागेवर नव्हती.
रक्तासोबत निघून
फुप्फुसाच्या तोंडाशी अडकली होती.

तारेचा फास टाकून दोन तास ओढली.
नाही आली.
मग छाती उघडली.
मग सुई, दोरा,
आणि तिच्याच हृदयावरच्या आवरणाचं ठिगळ.

सर्जनबाई बाहेर आल्या, ठिगळ नीट बसलंय म्हणाल्या.
मी विचारलं, टाका कुठला?
त्या थबकल्या.
मग हवेत बोटानं दाखवला:
धावता, दुहेरी.
दिवसभरात तेवढंच मला समजलं.

छत्री त्यांनी डबीत घालून दिली.
नक्षत्रा म्हणते, शाळेत नेते.
मी ती मशीनच्या खणात ठेवलीय,
जोडी न लागलेल्या बटणांत.