तात्पुरतं

पहाटे तीन वीसला अख्तर नदाफचा फोन.
"मॅडम, आठला हळदीचे सौदे,
आन् हितं एक नाव उघडंना."

आकड्यानं हाक मारली की यंत्र ओ देतं.
नावानं मारली की गप्प.
म्हणजे मेलेलं कुणीच नव्हतं.
कोण कुठं राहतं हे सांगणारा तेवढा
बसल्या जागी आडवा झालेला.

रिझॉल्व्हर.
सव्वादोन वर्षं न झोपता
विश्रामबागच्या माडीवर, जिन्याखालच्या कपाटात.

मी घरूनच त्याला उठवलं.
उठला. लॉगमध्ये दोन ओळी खरडल्या.
सौद्याच्या सर्व्हरचं नाव विचारलं तर
ठणठणीत आवाजात
गणपती पेठेतला पत्ता सांगितला.

गणपती पेठ!
आयर्विन पुलाखाली पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं
त्या रात्री तो सर्व्हर
आम्ही बारदानात गुंडाळून ट्रॅक्टरवरून आणलेला.
अजून त्याच्या पंख्यातून पिवळी धूळ निघते.
नवी खोली, नवा आकडा. नाव तेच.

तो बदल मी त्याला तेव्हा तोंडी सांगितला होता.
चालत्या कामात, उभ्या उभ्या.
फाइलीत लिहायचा राहिला.
तो जागा होता तोवर त्याच्या ध्यानात होता.

शकूमावशी मिरजेला भुलीतून बाहेर आली तेव्हा
नर्सनं पत्ता विचारला.
"हरभट रोड. सायकलच्या दुकानावर, दुसरा जिना."
कुपवाडला येऊन तिला चौदा वर्षं झालेली.
आम्ही हसलो.
नर्सनं तेच लिहून घेतलं.

फाइल उघडली. ओळ सापडली.
वर माझीच टीप:
तात्पुरतं. नंतर काढणे.

पुसणार होते.
बोट कळीवर ठेवून थोडा वेळ बसले,
मग ओळीच्या आधी एक हॅश मारला.
आता तो ती वाचणार नाही.
ओळ आहे तिथंच आहे.
खाली नवा आकडा लिहिला. सेव्ह केलं.
पुन्हा एकदा, मुद्दाम, त्याला झोपवून उठवलं.

सात चाळीस.
"आलं मॅडम," अख्तर म्हणाला,
आणि मागं कुणीतरी मोठ्यानं
राजापुरी हळदीचा पहिला भाव पुकारला.

मावशीच्या डिस्चार्जच्या कागदावर
हरभट रोडच आहे.
फेरतपासणीचं पत्र
तिकडंच जाईल.