आवडतीचं मीठ

डॉक्टर म्हणाले होते, "मीठ कमी."
मी ऐकलं, "मीठ बंद."
मिठागराच्या बांधावर जन्म काढलेल्या बाईच्या कानात
असाही अर्धा वाराच भरलेला असतो.

त्याआधी माझा बाप गेला होता,
जेवता जेवता, तोंड वाकडं होऊन,
ऑलिव्ह बोटांतच राहिलं.
तेव्हा काश्त्रु मारीमला रक्तदाब कुणी मोजत नसे,
मोजत ते गोण्या.

म्हणून फिर्मिनूवर मी पहारा बसवला.
खारवलेला बाकाल्याव तीन दिवस पाण्यात,
आणि रात्री उठून ते पाणी बदलायची
तान्ह्याचं दुपटं बदलावं तशी.
चीज बंद. पाव घरी भाजलेला, फिका.
सकाळी लघवीची गोळी, तिच्यावर तीन ग्लास पाणी,
"पी, सगळं धुऊन निघतं."
तो पीत होता.
बायकोचं ऐकणारा म्हणून गावात नाव झालं त्याचं.

आणि खिडकीबाहेर जुलै,
ढिगामागे पांढरा ढीग.
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तो पहाटे जायचा
वाफ्यांवर धरलेली मिठाची साय अलगद काढायला.
परतला की दारातच हात धुवायला लावायची मी.
एकदा बोट चाटताना सापडला,
चर्चच्या पेटीत हात घातल्यासारखा ओशाळला.

पायात गोळे आले. मी म्हटलं, वय.
डोकं दुखू लागलं. म्हटलं, ऊन.
जेवण नकोसं झालं. म्हटलं, बरंच आहे,
हलका राहील.
मग एका दुपारी त्यानं मला ओदेत म्हणून हाक मारली.
ओदेत त्याची बहीण, नदीत गेली त्याला पन्नास वर्षं झाली.
म्हणाला, चुलीपाशी रोहित पक्षी आलेत,
हाकलू नकोस गं, लांबून आलेत.

दुसऱ्या दिवशी दोन वाफ्यांमधल्या बांधावर पडला.
शेजारच्या पोराला दिसला तेव्हा
गालात मिठाचे खडे रुतलेले.

फारूच्या इस्पितळात सांगितलं,
रक्तातलं मीठ उतरलंय. एकशे सोळा.
हवं एकशे पस्तीसच्या वर.
एकशे सोळा काय, ते मला कळलं नाही.
गोण्या नव्हेत एवढं कळलं.

डॉक्टर योलांदा, माझ्या नातीच्या वयाची.
ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.
म्हणाली, गोळी, पाणी आणि तुमचं अळणी, तिघांनी मिळून केलं हे,
मेंदूला सूज आलीय.
आणि आता घाईनं चढवलं तर तेही बाधेल,
म्हणून थेंब थेंब, मोजून.
रात्रभर मी त्या बाटलीखाली बसले.
वर लिहिलेलं वाचलं: पाणी, मीठ.
साठ वर्षं त्यानं दंताळ्यानं ओढलं जे,
ते नळीतून परत येत होतं,
थेंब पडला की मी श्वास सोडायची.

नावडतीचं मीठ अळणी, म्हणतात.
मी आवडती होते हो.
म्हणून तर त्यानं कधी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं नाव बरोबर घेतलं,
"देओलिंदा."
मग सुपाची वाटी सरकवली.
"यात काही नाही."
नर्सनं वळून पाहिलं, तेव्हा कळलं
की मी मोठ्यानं हसत होते.

आता घरी एक छोटा चमचा आहे, योलांदानं दिलेला.
दिवसाचं सगळं धरून तेवढंच, कमी नाही, जास्त नाही.
गोळी बदलली. रक्तदाब आहे तो आहेच.
बापाचं वाकडं तोंडही येतं अधूनमधून, पहाटेचं.

टोमॅटो चिरून ठेवलेत, चमचा बाजूला.
मी मात्र चिमटीतच धरते, जुनी सवय,
आणि हात ताटावर अधांतरी राहतो.
फिर्मिनू माझ्या बोटांकडे बघतो, मांजरासारखा.
"टाकतेयस," तो विचारतो,
"की अजून मोजतेयस?"